पोकरणची ओहोटी

उंट पोहतो की नाही.

लोखंडी नांगर, लहानातला चालेल.

कोकिळाबाईची नथ. डावीकडचा मोती जरा पिवळा.

गोडं पाणी दोन पिंपं. खारं पाणी एक पिंप, तिकडे मिळालं नाही तर.

माणसाच्या कमरेएवढा पक्षी. उडायचा कंटाळा करतो.

दगडात शिंपले.

एक रुमाल, एक टोपी. दोन्ही धुतलेली.

बाई बसत नाही.

ही सगळी केसरच्या प्रवासाची तयारी होती. तिला रेवदंड्याहून राजस्थानात वाळवंट बघायला जायचं होतं, आणि त्यासाठी तिला यातलं काहीही नको होतं.

*

केसरचा नवरा सदा बऱ्याच वर्षांपूर्वी मासेमारीला गेला. होडी परत आली, होडीतले बाकीचे परत आले, सदा आला नाही. प्रेत सापडलं नाही, म्हणून कुंकू पुसलं नाही. कुंकू होतं म्हणजे नवरा होता. नवरा समुद्रात होता म्हणजे संध्याकाळी होड्या लागायच्या वेळी बंदरावर जाऊन उभं राहणं आलं.

इतर बायका टोपल्या घेऊन उभ्या राहत. आपली होडी लागली की टोपली भरून घेत आणि निघून जात. केसर शेवटची होडी लागेपर्यंत थांबे. मग कुणीतरी म्हणे, "आज न्हाय आला." जसा काही काल आला होता.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असत. तेव्हाही केसरला सुट्टी नव्हती. सदा पावसाळ्यात गेला नव्हता, त्यामुळे पावसाळ्याचा नियम त्याला लागू नव्हता.

एकदा तापामुळे ती गेली नाही. कोकिळाबाई घरी आली. कोकिळाबाई कोळीवाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिनं दारातूनच विचारलं, "काय गो, सोडलंस त्याला?"

केसरला एक संध्याकाळ हवी होती. उभं न राहण्याची. एवढंच.

*

बाजारात भोमराजचं किराणा दुकान होतं. तो मूळचा पोकरणकडचा. दुकानामागच्या खोलीत त्याची बायको सुगनीबाई राहायची आणि लाटांच्या आवाजानं झोप येत नाही म्हणून वर्षानुवर्षं कुरकुरायची. आषाढातल्या एका दुपारी केसर मीठ घ्यायला गेली आणि मागच्या पायरीवर टेकली.

"तुमच्या गावाला समुद्र केवढा लांब?"

"समुद्र कसला? आमच्याकडे नुसती रेती, केसरबाई. नजर जाईल तिथपर्यंत रेती."

"मग संध्याकाळी बायका कुठं उभ्या राहतात?"

सुगनीबाईनं चाळणी खाली ठेवली. "कशाला उभ्या राहतील?"

केसर मीठ तिथंच विसरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मीठ न्यायला परत आली, तेव्हा बाकीची माहिती तिनं काढून घेतली. सुगनीबाईच्या भावाला मुलगा झाला होता, त्याला बघायला ती माहेरी जाणार होती. नारळी पौर्णिमा झाली की अलिबागच्या एस.टी.नं निघायचं, पुढं मुंबईपर्यंत भाऊ न्यायला येणार होता. त्या भावाच्या पत्रातून असंही कळलं होतं की सरकार तिकडचं थोडं वाळवंट राखून ठेवायचं म्हणतंय. राष्ट्रीय उद्यान करायचं. हरणं, कोल्हे आणि माळढोक नावाचा एक मोठा पक्षी, यांना तिथं कुणी हात लावायचा नाही.

"म्हणजे सरकार राखण करणार?" केसरनं विचारलं. "तिथं समुद्र येऊ देणार न्हाय?"

"समुद्राचं काही लिहिलं नाही त्यानं," सुगनीबाई म्हणाली. "पण नाही येऊ देणार."

"मग मी येते तुमच्यासंगं."

"मासळी चालणार नाही हं. वाटेत नाही, घरी नाही."

"मला तरी कुठं हवीय," केसर म्हणाली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग केसरनं एक चूक केली. तिनं दिराला विचारलं.

*

दीर हरेश्वर. स्वतःच्या होडीचा तांडेल. पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा, आणि जमिनीवर त्याला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

नारळी पौर्णिमा अजून लांब होती. होड्या झावळ्यांखाली झाकलेल्या, पुरुषमाणसं खोपीत बसून जाळी सांधत होती. कामाला हात होते आणि डोकी रिकामी होती. हरेश्वरनं केसरचं म्हणणं ऐकून घेतलं, टोपी सरळ केली आणि म्हणाला, "वैनी, जायचं तर जा. पण जागा काय हाय, ते आधी बघायला पायजे."

भोमराजला दुकानातून बोलावून आणलं. त्याला वाटलं उधारीचं काहीतरी आहे, म्हणून तो खुशीत आला.

"वारा कुठला?" हरेश्वरनं सुरुवात केली.

"पश्चिमेचा. गरम."

"तळाला काय? रेती की चिखल?"

"तळाला... रेतीच. वर पण रेती."

"खडक?"

"मधेमधे."

"पाणी कधी गेलं?"

"गेलं नाही हो. नव्हतंच." भोमराज प्रामाणिक माणूस, त्यामुळे तो थोडा थांबला. "पण लहानपणी आम्ही दगड फोडायचो ना, तर आतून शिंपले निघायचे."

खोपीतल्या सगळ्या सुया थांबल्या.

"शिंपले," हरेश्वर म्हणाला.

"हो. दगडाचे झालेले."

"मग ओहोटी हाय ती."

"तांडेल, माझ्या आजोबांच्या आजोबांपासून तिथं कोरडं आहे."

"मोठी ओहोटी हाय."

रेती आहे, खडक आहेत, शिंपले आहेत, पश्चिमेचा वारा आहे. पाणी तेवढं नाही. अशा जागेला रेवदंड्यात दुसरं नाव नव्हतं. आणि ओहोटीत लांबवर चालत गेलेल्या माणसाचं काय होतं, तेही प्रत्येकाला ठाऊक होतं. कालवं काढायला गेलेली माणसं मागून पाणी भरल्यामुळे अडकली, अशी एक तरी गोष्ट घराघरात होती. ओहोटी जितकी लांब, उधाण तितकं मोठं.

"म्हणून सरकार कुंपण घालतंय," रघू म्हणाला. रघू हरेश्वरच्या होडीवर खलाशी होता आणि कुठल्याही गोष्टीत त्याला सरकारचं कारण सापडायचं. "भरतीला जनावरं वाहून जायला नकोत."

"मग माणसांचं काय?" कुणीतरी विचारलं.

"सरकार दिल्लीत बसतं. तिथं कुठली आलीय भरती?"

"शेठ," हरेश्वरनं भोमराजला विचारलं, "उंटाला पोहता येतं?"

"कधी वेळ आली नाही."

"येणार," हरेश्वर म्हणाला, आणि त्याच्या आवाजात त्या अनोळखी जनावराबद्दल खरी काळजी होती. "वैनी एकटी न्हाय जायची. होडी घेऊन जायचं."

*

तयारी सुरू झाली. एवढ्या हुरूपानं कोळीवाड्यात बऱ्याच वर्षांत काही झालं नव्हतं.

होडी समुद्रानं मुंबईला न्यायची. तिथून मालगाडीवर चढवायची. पोकरणला उतरवून उंट जुंपायचे आणि उद्यानाच्या बरोबर मध्यावर नेऊन नांगर टाकायचा. मग थांबायचं. किती थांबायचं, यावर मतभेद होते. कुठल्या तिथीला भरती किती वाजता, याचा हिशेब हरेश्वरच्या बोटांवर होता. पण तो हिशेब चालायला पाणी कुठल्या चंद्राला गेलं तेवढं माहीत असावं लागतं. भोमराज म्हणाला, आम्ही मारवाडी माणसं, कधी गेलं ते लिहून ठेवलं असतं, पण गेलंच नाही. हरेश्वरला त्याची कीव आली.

जाळी घ्यायची की नाही, यावर वाद झाला नाही. भरती येणार आणि आपल्याकडे जाळं नाही, असला वेडेपणा कोण करील?

मग एका दुपारी कोकिळाबाई खोपीत आली. तिनं नवीनच गोष्ट काढली.

"ओहोटी समदं घेऊन जाते ना रे? मग माझी नथ तिथंच असणार."

नथ तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्याला पाण्यात पडली होती. आता ती कुठं असेल, हे पहिल्यांदाच कुणाच्या तरी ध्यानात आलं. मग बायका येऊ लागल्या. कुणाचं वल्हं, कुणाच्या बापाचा कंदील, कुणाची पितळी कळशी. केसर कुठं दिसली की तिला थांबवून सांगत, "कळशीला तळाशी पोचा हाय बघ. त्याच्यावरनं ओळख."

केसर मान हलवे. कळशी शोधायला तिची काही हरकत नव्हती.

आणि मग रघूच्या तोंडून निघालं. कुणाच्या तरी तोंडून निघणारच होतं.

"मग सदादादा पण तिथंच असंल."

हरेश्वर उठून घरी गेला. भावाची टोपी आणि कमरेचा रुमाल त्यानं पेटीतून काढला आणि बायकोकडे धुवायला दिला. इतकी वर्षं वाळूत म्हणजे अंगावरचं फाटलं असणार.

त्या संध्याकाळी केसर बंदरावर उभी राहिली, तेव्हा बायका तिच्याकडे बघून हसत होत्या. कोकिळाबाईनं तिची पाठ थोपटली. "आता काय थोडे दिस. तिथं जाऊन उभी राहा, मंग बघ."

*

अडचण आली ती अगदी शेवटी. पिंपं भरून झाली होती. होडीला नवा रंग लागला होता. कोण कुठं बसणार ते ठरत होतं.

"वैनी कुठं बसणार?" रघूनं विचारलं.

बाई होडीत बसत नाही. मासेमारीच्या होडीवर बाईचा पाय पडला तर मासळी लागत नाही, हे रेवदंड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. दिवसभर खल झाला. होडीला दोर बांधून मागे दुसऱ्या होडीत बसवावं, तर तीही होडीच. पिंपात बसवावं, तर पिंप होडीत. संध्याकाळी हरेश्वर केसरच्या दारात आला. निर्णय सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

"वैनी, तू राहा. आमी जाऊन येतो."

केसर भाकरी थापत होती. "कुठं?"

"वाळवंटात."

"तुमी?"

"तू काळजी करू नको. तू इथं बंदरावर उभी राहा. आमी येऊ तवा कुणीतरी उभं पायजे."

तव्यावरची भाकरी फुगली आणि बसली. केसरनं ती उलटली नाही.

"भाऊजी, तिथं पाणी न्हाय."

"येणार हाय."

"आणि न्हाय आलं तर?"

"तर होडीत बसून वाट बघू. होडी हाय ना."

"ऐका माझं. मी त्यांना हुडकायला चालले नव्हते. तिथं ते न्हायत, म्हणून चालले होते."

हरेश्वरनं या वाक्याचा नीट विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. भाऊ गेल्यापासून केसरच्या घरात मीठ-मिरचीला त्यानं कधी कमी पडू दिलं नव्हतं.

"पण वैनी," तो म्हणाला, "तो तिथं न्हाय, हे जाऊन बघितल्याबिगर कसं कळणार?"

केसरनं करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. तिनं उत्तर दिलं नाही, म्हणजे तिला पटलं, असं हरेश्वरनं घरी जाऊन बायकोला सांगितलं.

*

नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला. एक जास्तीचा नारळ वाळवंटासाठी होडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीबरोबर होडी निघाली. ढोल वाजले. झेंडूच्या माळा, नवं शीड, पुढच्या टोकाला सदाची धुतलेली टोपी. सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर आला होता. कोण आलं होतं आणि कोण नव्हतं, ते त्या गर्दीत कुणी पाहिलं नाही.

कोर्लईचा डोंगर मागे पडला आणि थोडं पुढं गेल्यावर पक्षी दिसले. एकाच जागी घिरट्या घालत होते आणि दगडासारखे पाण्यात पडत होते.

"आपल्याला मुंबई गाठायचीय," हरेश्वर म्हणाला.

"व्हय तांडेल," रघू म्हणाला. त्याचा हात जाळ्यावर होता.

"मालगाडी सुटंल."

"व्हय."

पक्षी पडत होते.

"एकदाच टाक," हरेश्वर म्हणाला.

पापलेट. तेही असं, की जाळं वर घेताना होडी कलंडायला आली. गोड्या पाण्याची पिंपं समुद्रात ओतून त्यात मासळी भरली. मग खाऱ्याचं पिंप ओतलं. सदाच्या रुमालात कोलंबी बांधली. बाई होडीत नव्हती याचा हा गुण, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"एवढी मासळी घेऊन वाळवंटात कशी जायची?" रघू म्हणाला. "आणि वाळवंट कुठं जातंय?"

"ओहोटी लांबची हाय," हरेश्वर म्हणाला आणि त्यानं होडी वळवली.

संध्याकाळी ते बंदराला लागले. बायका टोपल्या घेऊन पाण्यात शिरल्या. आरडाओरड, हसणं, ओढाओढ. "नथ?" कोकिळाबाईनं विचारलं. तिच्या टोपलीत पापलेटं पडली आणि ती पुढचं विचारायचं विसरली.

हरेश्वर मात्र किनाऱ्याकडे बघत होता. टोपल्या भरल्या, बायका निघून गेल्या, आणि शेवटी एक जागा रिकामी राहिली. ती रोज ज्या ओल्या दगडापाशी उभी राहायची, तिथं कुणी नव्हतं. तो बाजारात गेला. भोमराज दुकानाच्या पायरीवर बसून स्वतःच डाळ निवडत होता. सुगनीबाईची मागची पायरी रिकामी होती. भोमराजनं मान वर केली नाही.

हरेश्वर परत बंदरावर आला. सगळ्या होड्या लागल्या होत्या. पण कुणीतरी उभं राहायला हवं होतं, म्हणून तो त्या दगडापाशी उभा राहिला. थोड्या वेळानं मागून रघूचा आवाज आला, "काय तांडेल, आज न्हाय आली?"

त्या दिवशी सकाळची अलिबागची एस.टी. वेळेवर सुटली होती.