दिवाळीनंतरचा प्रोसेसर

मनस्वीने काउंटरवरच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची काच बोटाने जराशी दाबून पाहिली आणि विचारलं, "पण नवीन प्रोसेसर नक्की कधी येतोय?"

शैलेशने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या या दुकानात हाच प्रश्न तिने सोमवारी विचारला होता, गुरुवारीही. त्याच्या चेहऱ्यावरून तिला ते आठवलं.

"दिवाळीनंतर म्हणतायत, ताई. मग इकडे यायला महिना. मग भाव उतरायला अजून दोन. तोवर त्याच्या पुढच्याची बातमी येते."

"आत्ता घेतला आणि तीन महिन्यांत जुना झाला तर?"

"जुना होईलच. बंद नाही पडणार. तुमचं ड्रॉइंगचं काम हा पाच वर्षं ओढेल."

तिचा नवरा केतन हेल्मेट कोपरात अडकवून उभा होता. "लग्नाच्या वेळी नाही बरं हिने पुढच्या मॉडेलची वाट पाहिली," तो म्हणाला.

शैलेश हसला. मनस्वी मोबाइलकडे बघत राहिली. घरून फोन नव्हता.

बाहेर आल्यावर केतनने गाडी सुरू केली नाही. "प्रभाकर सरांना सहापर्यंत कळवायचंय ना?"

"हो."

"काम नको असेल तर तसं सांग. मी एका शब्दाने बोलणार नाही. पण प्रोसेसरचं नाव पुढे करू नकोस."

तिने ओढणी तोंडाभोवती घट्ट गुंडाळली आणि मागे बसली.

उलव्याच्या इमारतींची ड्रॉइंग्ज प्रभाकर सरांच्या ऑफिसात होत. रिया व्हायच्या आधी मनस्वी तिथेच होती. आता सर म्हणत होते, घरून कर, दिवसाचे सहा तास, कॉम्प्युटर मात्र तुझा. सोमवारपासून बसणार असलीस तर तुझं, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो. असं सांगणारं माणूस पुन्हा भेटणार नाही, हे तिला कळत होतं.

पण मे महिन्यात रियाला ताप चढला होता. मनस्वी दोरीवरचे कपडे काढायला गेली, तेवढ्यात पोरीचे डोळे वर फिरले आणि अंग लाकडासारखं झालं. तापात लहान मुलांना येते अशी आकडी, मोठी झाली की जाईल, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. तिने मान हलवली होती. तरी आपली नजर रियावर असेल तोवर काही होणार नाही, अशी एक गाठ तिच्या मनात बसली ती बसलीच. सहा तास पडद्याकडे बघायचं म्हणजे सहा तास रियाकडे बघायचं नाही.

शिरढोणला घरी पोचल्यावर केतन गॅरेजकडे गेला. रिया पलंगावर झोपली होती. मनस्वीने तिच्या कपाळाला हात लावला, छातीचं वरखाली होणं पाहिलं, मग भिंतीला टेकून सरांना लिहिलं: 'सर, दिवाळीनंतर नवीन मशीन घेऊनच सुरुवात करते.' पाठवलं नाही. आधी पाणी पिऊ म्हणून स्वयंपाकघरात गेली.

फळीवर तापाच्या औषधाची बाटली होती. दर वेळी औषध दिलं की उरलेल्या औषधाशी ती पेनने रेघ मारत असे. औषध रेघेच्या बोटभर खाली होतं.

सखूबाई, तिच्या सासूबाई, खाली बसून लसूण सोलत होत्या.

"आई, रियाला औषध कुणी दिलं?"

"मीच दिलं." त्यांनी वर पाहिलं नाही. "गुरवारी. तुमी दुकानात गेलते तवा."

"ताप होता?"

"व्हता." त्यांनी पुढची पाकळी उचलली. "आकडी पन आयली."

मनस्वीने ओट्याची कड धरली.

"कुशीवर वलवली. तोंडात काय घातला नाय. कांदा पन नाय हुंगवला, मागल्या येलेला तू वरडली व्हतीस ना माज्यावर. मोजीत बसले. मना शंबरच्या म्होरं येत नाय, म्हनून शंबर झाल्यावर परत एकपासून धरला. चालीसला थांबली. मंग मिथुनच्या रिक्षानी दवाखान्यात नेली. जागी झाली तवा डाक्टरनी औषध द्याला सांगतला."

"मी त्या दिवशी चार फोन केले. तुम्ही म्हणालात, खेळतेय."

"मागचे दोन केलंस तवा दवाखान्यातच व्हतो."

"आणि रात्री अंग कोमट लागलं तेव्हा दाढा येतायत म्हणालात!"

मनस्वीचा आवाज चढला. पुढचे शब्द ओठांवर आले होते. सखूबाईंच्या हातातली पाकळी केव्हाच सोलून झाली होती, तरी त्या तिच्यावरून नख फिरवत होत्या.

"सांगतला असता," त्या म्हणाल्या, "तर परत दाराभायेर पाय टाकला असतास?"

बाहेर महामार्गावरून एक डंपर गेला. फळीवरची भांडी किणकिणली.

"भ्यायला नाहीत?"

"भ्यायले तर. पन पोर माज्या हातात व्हती ना."

मनस्वी त्यांच्यासमोर फरशीवर बसली. मग तिने मोबाइलवर सरांना लिहिलेलं पुसलं आणि दुकानात फोन लावला.

"शैलेशभाऊ, सकाळचा तोच द्या. सोमवारी सकाळी जोडून मिळेल?"

"मिळेल की. दिवाळीनंतरचा नको?"

"नको."

"बरं. टेबल कुठे लावणार? त्या मापाने वायर आणतो."

बाहेरच्या खोलीतून पलंग दिसत होता. मागच्या खोलीत शांतता होती, खिडकी होती, पण तिथून पलंग दिसत नव्हता.

"मागच्या खोलीत," मनस्वी म्हणाली. पलीकडे तो लिहून घेत असावा.

"वायर मात्र लांब आणा. बाहेरच्या खोलीपर्यंत पोचेल अशी."