स्क्रीन येत नाही

काकासाहेबांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. डब्यातला पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला. स्क्रीन मात्र काळीच राहिली. तिच्या कोपऱ्यात एक नारंगी दिवा लुकलुकत होता.

त्यांना फक्त एक फोटो हवा होता. बायकोचं, बनुबाईचं, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं, आणि भिंतीवर लावलेला तिचा फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला, ओठ घट्ट मिटलेला. भाचीच्या लग्नात ती खळखळून हसली होती. तो फोटो समर्थनं या कॉम्प्युटरात टाकलेला होता.

समर्थ त्यांचा मुलगा. कॉलेजात असताना गेम खेळायला त्यानं हा कॉम्प्युटर घेतला आणि नोकरीसाठी बंगळुरूला जाताना आईसाठी ठेवून गेला. बनुबाई सोनईहून एसटीनं नेवाशाला क्लासला जाऊन तो चालवायला शिकली. काकासाहेबांनी कधी त्याला हात लावला नाही.

त्यांनी समर्थला फोन केला.

"मीटिंगमध्ये आहे, अण्णा. वायर बघा एखादी निघालीय का," म्हणून त्यानं ठेवून दिला.

वायरी तर सगळ्या जागेवर दिसत होत्या. मग त्यांना बनुबाईचा मोबाईल आठवला. तो त्यांनी अजून चालू ठेवला होता, रिचार्जही करत होते, पण त्यावर कोणाचा फोन येत नसे. त्यात 'उझ्मा कॉम्प्युटर' नावानं एक नंबर सापडला. क्लास घेणारी हीच असणार, असं वाटून त्यांनी तो लावला.

"बोला काकू," पलीकडून लगेच आवाज आला. "परत स्क्रीन गेली का?"

काकासाहेबांनी मोबाईल कानावरून काढून पाहिला, परत लावला.

"काकू? आवाज येतोय का माझा?"

"मी काकासाहेब बोलतोय. सोनईवरनं. बनुबाई माझी मंडळी."

"हां, काका. काकूंकडे द्या ना फोन. कुठली वायर ते त्यांना बरोबर माहितीये."

"ती न्हाई आता. वरीस व्हत आलं."

पलीकडे दुकानात कोणीतरी झेरॉक्स विचारत होतं. "थांबा जरा," असं उझ्मा त्या माणसाला म्हणाली.

"मला माहीतच नव्हतं, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "फोन येईना, तेव्हा मला वाटलं, वायर पक्की बसली असेल."

काकासाहेब खुर्चीवर बसले. मग त्यांनी फोटोचं सांगितलं आणि नारंगी दिव्याचंही.

"दिवा लुकलुकतो म्हणजे मॉनिटरला लाईट मिळतेय, पण डब्यातून चित्र येत नाही," उझ्मा म्हणाली. "सगळं बंद करा आधी. मग डब्याच्या मागं बघा. निळ्या तोंडाची जाड वायर आहे, ती दाबून बसवा."

काकासाहेब गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. तिथं जळमटं धरली होती. वायर दाबली, बाजूचे स्क्रू पिळले, बाहेर येऊन बटण दाबलं. स्क्रीन काळी ती काळीच.

"कोणी हलवला होता का कॉम्प्युटर?"

"दहाव्याला पाव्हणे मुक्कामी व्हते. अंथरुणं टाकायला पुतण्यानं टेबल सरकवलं. परत त्यानंच लावल्या वायरी."

"मग नीट बघा, काका. मागं तशी निळी जागा एकच आहे का दोन?"

ते पुन्हा खाली वाकले, बोटांनी चाचपलं. "दोन हायती. एक वर उभी, एक खाली आडवी."

"खालचीत लावा. गेमसाठी समर्थनं चित्राचं वेगळं कार्ड टाकून घेतलं होतं. ते असलं की वरच्या जागेतून चित्र येत नाही. पण आधी बंद करा."

त्यांनी बंद केलं. वरची वायर काढून खाली बसवताना दोनदा ती उलटी धरली गेली. मग बसली. बटण दाबल्यावर मॉनिटरचा दिवा निळा झाला आणि खोलीभर पांढरट उजेड पडला.

"आलं," काकासाहेब म्हणाले.

"आलं ना. बरं झालं."

आता फोन ठेवायला हवा होता, पण त्यांना तो ठेवावासा वाटेना. "ती लई फोन करायची का तुला?"

"दुपारचा करायच्या. वायर ढिली व्हायची त्यांची. काम दोन मिनिटांचं, पण मग बोलत बसायच्या."

"काय बोलायची?"

"काही विशेष नाही हो. आज कुठली भाजी केली. दुकानात गर्दी हाय का. मी विचारायचे, काका कुठंयत? तर म्हणायच्या, चौकात गेल्यात, येतील." झेरॉक्स मागणारा पुन्हा काहीतरी बोलला. "ठेवते, काका. फोटो सापडला की डबा घेऊन या, मी प्रिंट काढून देते."

फोटो लवकर सापडला. भाचीच्या नावाचा फोल्डर समोरच होता. बनुबाई हसत होती, पदर खांद्यावरून सरकला होता, आणि ती बघत होती फोटोत नसलेल्या कोणाकडे तरी. ते कोण असेल हे त्यांना आठवेना. ते स्वतः तेव्हा मांडवाबाहेर गाड्या लावून घेत होते.

फोटो बंद केल्यावर शेजारी पत्त्यांचं चित्र दिसलं. त्यांनी त्यावर दाबलं. इंग्रजीत काहीतरी विचारणारी चौकट आली. एकेक अक्षर जुळवत त्यांनी वाचलं: आधीचा डाव राहिलाय, पुढं खेळायचा का?

त्यांनी होकार दाबला. हिरव्या पाटावर पत्ते मांडलेले होते, अर्ध्यावर सोडलेले.

ते कितीतरी वर्षं रोज दुपारी चौकातल्या सोसायटीच्या ओट्यावर तिघांबरोबर पत्ते खेळत आले होते. घरात मात्र त्यांनी कधी पत्ते आणू दिले नव्हते. त्यांच्या मोटरसायकलचा आवाज आला की बनुबाई चहा टाकायची. हा डावही तिनं तसाच चहासाठी उठताना अर्ध्यावर सोडला असेल.

ते बघत बसले. कुठलं पान हलवावं ते त्यांना दिसत होतं, पण हात पुढं होत नव्हता. इतका वेळ गेला की स्क्रीन आपोआप काळी झाली. ते घाईनं टेबलाखाली शिरले, वायर दाबून पाहिली. ती पक्की होती. वर उठताना टेबलाला धक्का लागला, माऊस हलला आणि पत्ते पुन्हा दिसू लागले.

मग त्यांनी बदाम छक्की उचलून इस्पिक सत्तीवर ठेवली. खालचं पान उलटलं. चौकट दुर्री निघाली, तिला कुठंच जागा नव्हती. त्यांनी गड्डी फिरवली, पुन्हा फिरवली.

"अडकला की गं," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.