खलनायकाचे रंग

"दार लावून घ्या," सॉल ब्रेगमन म्हणाला, तेव्हा खोलीतले सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. संपादकाच्या खोलीचं दार इतकी वर्षं उघडंच असे. ते लागतं, हेच काहीजणांना त्या दिवशी कळलं.

टेबलावर वाचकांच्या पत्रांचा ढीग होता. सॉलने त्यातली दोनचार पत्रं उचलून सगळ्यांसमोर नाचवली.

"ओहायोचा पोरगा लिहितो, टॉबिन फितूर आहे. टेक्सासची बाई लिहिते, टॉबिनवर विश्वास ठेवू नका. हा कुणी पाद्री आहे, तोही तेच म्हणतो. ज्यात हे उघड व्हायचंय तो अंक अजून छापखान्याच्या पायरीवरसुद्धा गेलेला नाही! आपल्यातल्याच कुणीतरी फोडलंय. कुणी, ते मला हवंय."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या कॉन्चेता पालुम्बोने मान खाली घातली. तिने काही केलेलं नव्हतं. पण रागावलेल्या माणसासमोर मान खाली घालायची सवय तिला ब्रुकलिनच्या शाळेतल्या नन्सनी लावली होती, आणि पन्नाशी उलटली तरी ती सुटली नव्हती.

'परक्या रक्ताची पोरं' ही त्या कंपनीची सगळ्यात खपणारी चित्रमालिका. अंगात जन्मतःच काहीतरी वेगळं घेऊन आलेली ही पोरं. जग त्यांना घाबरतं, सरकार त्यांच्या मागावर शिकारी सोडतं, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि तरी ही पोरं मरमर मरून त्याच जगाला वाचवत राहतात. त्यांचा वैरी मॉर्टेन, तोही त्यांच्याच रक्ताचा. तो विचारतो, जे आपल्याला माणसात धरत नाहीत त्यांच्यासाठी जीव का द्यायचा? निम्म्या वाचकांना मनातून त्याचंच पटे. आणि टॉबिन म्हणजे सगळ्यांचा लाडका, हात लावून जखमा भरणारा. हाच टॉबिन शिकाऱ्यांना आपल्या भावंडांची नावं पुरवतो, हे येत्या उन्हाळ्यात उघड व्हायचं होतं. लेखक ग्लेन ऑस्टरमनने शरद ऋतूतच एकदा जेवताना, तोंडात सँडविचचा घास असताना, हे सांगून टाकलं होतं. "मेलात तरी बोलायचं नाही," असं वर बजावलंही होतं. सगळ्यांनी हसत हसत शपथा घेतल्या होत्या.

सॉलने दार लावून घेतलं त्या दिवसापासून हसणं बंद झालं. माणसं जागेवरून उठताना कागद पालथे घालून जाऊ लागली. कॉफीच्या भांड्यापाशी दोघं बोलत असली की तिसरा आला रे आला, की हवापाण्याच्या गप्पा सुरू. शंकेखोर जगाविरुद्ध दर महिन्याला पानंच्या पानं छापणारी ही मंडळी, पण स्वतःच्या खोलीत शंका शिरली तेव्हा तिला खुर्ची देऊन बसवली.

कॉन्चेताचं काम रंगांचं. चित्रकाराने रेखाटलेल्या, शाईने गिरवलेल्या पानांच्या छोट्या प्रती तिच्याकडे सगळ्यात शेवटी येत. त्यावर ती पाण्याचे रंग भरी आणि छापणाऱ्यासाठी प्रत्येक रंगाची खूण बाजूला लिही. या धंद्यात एक रीत होती. लाल, निळा, पिवळा हे नायकांचे. उरलेले जांभळा आणि हिरवा, ते खलनायकांच्या वाट्याला. कुणी नियम करून भिंतीवर टांगला नव्हता, पण मॉर्टेनला लाल झगा देणं म्हणजे लग्नात काळे कपडे घालून जाण्यासारखं. अंकात तिचं नाव बारीक अक्षरात येई. ते कुणी वाचतं, असा तिचा समज नव्हता.

शेजारच्या टेबलावर एमिल हावेल्का बसे. पात्रांच्या तोंडचे शब्द फुग्यांत लिहिणं त्याचं काम. प्रागमध्ये परक्या फौजांचे रणगाडे शिरले तेव्हा तो एक पेटी घेऊन निघून आला होता. इंग्रजी बोलताना अडखळे, पण लिहिताना त्याचं अक्षर बघत राहावं असं.

"कॉन्चेता, तुझा मॉर्टेन आज फार हिरवा दिसतोय," तो म्हणे. "पोट बिघडलंय का त्याचं?"

"तू आधी त्याची बडबड कमी लिही. माझं सगळं आभाळ खाल्लं तुझ्या फुग्यांनी."

अशी त्यांची मैत्री. दुपारी तो आपल्या डब्यातलं खसखशीचं पक्वान्न अर्धं तोडून तिच्या टेबलावर ठेवी, कागदाला तेल लागू नये म्हणून खाली रुमाल पसरून.

त्या डिसेंबरात एका संध्याकाळी कॉन्चेताने त्याला फेकायच्या टोपलीतून पानांच्या बिघडलेल्या प्रती काढून पिशवीत भरताना पाहिलं.

"कुठे नेतोस रे ते?"

"पक्ष्याखाली घालायला," एमिल म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला.

ही काय उत्तर द्यायची तऱ्हा झाली? ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिला आठवायला लागलं. परवा तो फोनवर त्याच्या भाषेत कितीतरी वेळ बोलत होता. आपण जवळ जाताच त्याने आवाज खाली आणला. खरंच आणला होता का, की आत्ता तसं वाटतंय? पण एकदा मनात किडा वळवळला की सगळंच पोखरलेलं दिसायला लागतं.

रविवारी टोमॅटोचा रस्सा ढवळता ढवळता तिने हे बहिणीला, असुंताला सांगितलं. असुंता सल्ला द्यायला कधीच वेळ लावत नसे.

"अगं, तिकडून आलाय ना तो? तिकडे शेजारी शेजाऱ्याच्या चहाड्या करून पोट भरतात. रक्तातच असतं त्यांच्या."

"एमिल तसला नाही गं."

"सगळे तसले नसतातच, सापडेपर्यंत. तू गप्प बस, आणि उद्या तुझ्या गळ्यात आलं म्हणजे मला सांगू नकोस. या वयात तुला कोण काम देणार आहे? मीठ टाक त्यात, कधीची नुसती ढवळतेयस."

सोमवारी कॉन्चेता सॉलच्या खोलीत गेली. "मी काही आरोप करत नाहीये," तिने सुरुवात केली. अशी सुरुवात करणारा माणूस आरोपच करायला आलेला असतो, हे सॉलला ठाऊक होतं. त्याने तिला बसायला सांगितलं.

एमिलवर कुणी ओरडलं नाही. पिशवीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हो, नेतो. टोपलीतलं नेतो." आणखी काही विचारलं तर त्याने उत्तरच दिलं नाही. खुलासे करून करून एक देश सोडून आलेला माणूस तो, दुसऱ्या देशात पुन्हा त्याच खुर्चीत बसायला तयार नव्हता. त्याने आपल्या लेखण्यांची टोकं धुतली, फडक्यात गुंडाळली, सगळ्यांना मान लववून नमस्कार केला आणि गेला. जाताना कॉन्चेताला म्हणाला, "जपून राहा गं. हे लोक आता कुणावरही उलटतील." तिला वर बघवलं नाही.

धंदा लहान, तोंडं मोठी. आठवड्याभरात शहरातल्या प्रत्येक चित्रकथांच्या कंपनीत बातमी पोचली आणि एमिलला कुठेच काम मिळेना. कुणीतरी सांगितलं, तो अस्टोरियात एका वाणसामानाच्या दुकानाच्या पाट्या रंगवतो. 'आजची ताजी कोंबडी', 'आजचा ताजा कोबी', असल्या.

पत्रं मात्र थांबली नाहीत. उलट वाढली. सॉल म्हणाला, "जाता जाता सगळीकडे सांगून गेलेला दिसतोय." सगळ्यांनी माना हलवल्या. कॉन्चेतानेही हलवली, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

मार्चमध्ये एका हॉटेलात चित्रकथांच्या वाचकांचा मेळावा भरला. लेखक, चित्रकार सह्या द्यायला बसले. ग्लेनसमोर ही लांब रांग लागली होती. कॉन्चेताला पेले आणि कागद पुरवायला नेलं होतं. तेवढ्यात बस चालवणाऱ्यांचा गणवेश घातलेली एक धिप्पाड काळी बाई गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आली.

"पालुम्बो कोण? रंगवाली?"

"मीच."

"अगं बाई! तुलाच शोधतेय मघापासून. मी अर्लीन. इथे सही कर, तुझी." तिने अंक पुढे केला. "बाकीच्यांची नको मला. ती टॉबिनची भानगड तूच तर सांगितलीस आम्हाला."

कॉन्चेताने हातातले पेले टेबलावर ठेवले. "मी? मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

"कशाला लाजतेस? हे बघ." अर्लीनने पान उघडलं. "टॉबिनचे हातमोजे. आधी पांढरे होते की नाही? नाताळच्या आधीपासून आतल्या बाजूने जांभळे झाले. मग त्याच्या मागची सावली हिरवी. इथे बघ, तो जखमेवर हात ठेवतोय आणि सगळे त्याला दुवा देतायत, आणि हात जांभळा! मी माझ्या पोरीला म्हटलं, हा गोडबोल्या गडबडीचा आहे. आमच्या डेपोत चौघं वाचतात, चौघांनी ओळखलं. काय गं, बरं वाटत नाहीये का तुला?"

पानं समोर होती आणि त्यावरचा हात तिचा होता. हे आपण केलं, कधी केलं, तिला आठवेना. टॉबिन खोटा आहे हे तिला ठाऊक झालं होतं, आणि वीस वर्षं वळण लागलेला तिचा हात तिला न विचारता कुंचला जांभळ्यात बुडवत राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचे रंग वाचले होते. आनंदाने रडावं असा तो क्षण, आणि तिला दिसत होता तो फडक्यात लेखण्या गुंडाळणारा एमिल. तिने सही केली. अर्लीनने तिला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर सांगितलं. अंक एकापुढे एक मांडले, हातमोजे दाखवले, सावल्या दाखवल्या. "एमिलने काही फोडलेलं नाही. माझ्या हातून झालंय."

मग ग्लेन हसला. "कॉनी, तू भली बाई आहेस. पण रंग कोण बघतं?"

"एका बाईने बघितले. काल. तिच्या डेपोत चौघांनी बघितले."

"एका बाईने टॉबिनचं कुठेतरी ऐकलं आणि मग तिला जांभळं दिसायला लागलं," सॉल म्हणाला. "तुला त्याची दया येतेय, कळतं मला. पण पिशवी त्याची होती ना? आणि विचारलं तर बोलला का तो? निर्दोष माणूस गप्प बसेल?"

"सॉल, माझ्यावर घे ना. मला काढ."

"जा, काम कर," सॉल मऊ आवाजात म्हणाला. "आणि त्याचे हातमोजे पांढरे कर."

कुणी तिच्यावर चिडलंसुद्धा नाही. परका माणूस दोषी ठरला होता, घरातली माणसं सुटली होती, आणि ही सोय मोडायची कुणालाच इच्छा नव्हती. कॉन्चेताला आधी स्वतःची लाज वाटत होती, आता त्या सगळ्या खोलीचीच वाटायला लागली.

शनिवारी ती अस्टोरियाला गेली. एमिलने दार उघडलं. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बोटांना पाट्यांचा तांबडा रंग. त्याचा चेहरा तिला बघून खुलला, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं.

"ये ये! मला वाटलं, त्या इमारतीतले सगळे मेले."

खिडकीत पिंजरा होता, त्यात एक पिवळा पक्षी, आणि पक्ष्याखाली अंथरलेल्या पानावर मॉर्टेनचं भाषण. तिने बघितलं आणि नजर वळवली. तिचा कोट घेऊन त्याने खुंटीला अडकवला, चहा ठेवला. तिने चहाला हात न लावता अंक बाहेर काढले आणि सगळं सांगितलं.

एमिलने चष्मा लावला. एकेक पान उजेडाकडे धरून तो सावकाश बघत गेला. तो हसेल, असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

"हो," तो म्हणाला. "दिसतंय. या इथे तर अगदी स्पष्ट. मी शेजारी बसून हे फुगे लिहीत होतो आणि मला दिसलं नाही." त्याने चष्मा काढला. "किती सुंदर केलंयस गं. त्या लेखकापेक्षा तू नीट सांगितलंयस."

"ते कुणी मान्य करत नाहीत, एमिल. मी खूप सांगितलं."

"नाहीच करणार. तू कशाला जिवाला लावून घेतेस? चुकून झालं. चूक कुणाकडून होत नाही?" तो पानं परत जुळवू लागला. मग जुळवता जुळवता थांबला. "पण त्यांनी पिशवीचंच कसं विचारलं? टोपली तर आपल्या दोघांच्या टेबलांमधली."

पक्षी दांडीवरून दांडीवर उडाला. कॉन्चेताला वाटलं, इथून उठून पळून जावं. एक लहानसं खोटं बोललं असतं तरी चाललं असतं, आणि त्याने ते मानूनही घेतलं असतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "तुला विचारलं नाही, आणि त्यांना सांगितलं."

एमिलने पानं जुळवली, कडा सारख्या केल्या आणि तिच्यापुढे ठेवली. चहा गार झाला. तिने माफीचे शब्द घरून जुळवून आणले होते, त्यातला एकही तिला सापडेना.

शेवटी तो उठला. खुंटीवरचा तिचा कोट काढला, खांद्यावरचा धागा झटकला, आणि दोन्ही हातांनी तिच्यासाठी उघडून धरला, एखाद्या पाहुण्या बाईसाठी धरावा तसा. ती पाठमोरी उभी राहिली. तिच्या हाताला बाही सापडेना. एकदा चुकली, दोनदा चुकली. एमिल हात न हलवता कोट धरून उभा राहिला, तिला सापडेपर्यंत.