माझ्या मानेवरचा दुसरा हात

मित्रांनो, माझ्या दोन तारा तुटलेल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहणारा प्रत्येक पुणेकर पहिल्यांदा तेच विचारतो. मी एक जुनी बेस गिटार आहे, आणि आम्हाला मुळातच चार तारा असतात. त्या जाड असतात, आणि आमचं काम गाण्यात मागे उभं राहून जमीन धरून ठेवण्याचं असतं. पंगतीत जसे वाढपी, तशी गाण्यात मी. असताना कोणी बघत नाही, नसले की लगेच पानं रिकामी दिसायला लागतात.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझं धड एका झाडाचं आणि मान दुसऱ्या झाडाची आहे. मान म्हणजे तो लांब दांडा, ज्याच्यावर वादक डाव्या हाताची बोटं चालवतो. तिथून मी लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका दुकानात येऊन टांगली गेले. शेजारी एक हार्मोनियम होती. ती माझ्याशी कधी बोलली नाही. तिच्याकडे घराणं होतं, माझ्याकडे नुसती वायर.

तिथून मला आमोदने नेलं. तो तेव्हा कॉलेजात होता. सहकारनगरात त्यांचं दुमजली घर होतं, खाली आमोद आणि त्याची आई सुनीतीबाई, वर भाडेकरू. सुनीतीबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं की घरात आंघोळीला जागा आहे, स्वयंपाकाला आहे, गोंगाटाला वेगळी खोली कधी बांधली? आमोद हसला. पण त्याने मला ठेवून घेतलं आणि त्यांनीही ठेवून घेऊ दिलं.

आमोद फार वेगाने वाजवायचा. लोक त्याची बोटं बघायला यायचे, गाणं ऐकायला नाही. माझं कौतुक मी त्या वर्षांत पोटभर ऐकलं. पण मित्रांनो, कौतुक ऐकू येत असताना मला आणखीही काही जाणवत होतं. तो मला पट्ट्याला लटकवायचा ती थेट गुडघ्यापाशी, कारण तसं दिसायला झोकात दिसतं. मग तारांपर्यंत पोचायला त्याची मनगटं मोडल्यासारखी वाकायची. वेग वाढला की तो मानेला अंगठ्याने मागून असा दाबायचा, जणू मी पळून जाणार आहे. कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा हात दुखायला लागला तेव्हा तो मित्रांना अभिमानाने सांगायचा, की दुखतंय म्हणजे यायला लागलंय.

एका कार्यक्रमात, भर दुपारी, कॉलेजच्या मांडवात, गाणं संपलं आणि त्याचा हात उघडला नाही. बोटं माझ्या मानेभोवती मिटली ती मिटलीच. टाळ्या चालू होत्या. मित्रांनी मला आणि त्याला एकत्रच मांडवामागे नेलं आणि एकेक बोट सोडवलं. शेवटी अंगठा सुटला, असं ते म्हणाले.

मला तसं वाटलं नाही.

त्यानंतर आमोदने मला हात लावला नाही. डॉक्टर झाले, लेप झाले, पट्ट्या झाल्या, पण त्या हातात पुन्हा पूर्ण जोर आला नाही. मला वरच्या मजल्यावरच्या माळ्यावर ठेवलं, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या शेजारी. आमोद मार्केट यार्डात मामांच्या गाळ्यावर जायला लागला. कांदा-बटाट्याच्या लिलावात बोली पुकारायचं काम. तिथे हात लागत नाही, आवाज लागतो. पहाटे अंधारात जायचं, बाराला घरी यायचं, जेवून एक ते चार झोपायचं.

आणि त्या एक ते चारमध्ये, माळ्यावर, माझी मान कोणीतरी धरायचं. रोज. धूळ जिथल्या तिथे असायची, बरण्या जिथल्या तिथे. खालून आमोदच्या घोरण्याचा आवाज यायचा. आणि अंगठा दाबत जायचा.

वर भाडेकरू म्हणून नम्रता आली ती याच सुमारास. मूळ अकोल्याची, हिंजवडीत नोकरीला, सकाळी कंपनीच्या बसने जाणार आणि वाहतुकीची मर्जी असेल तेव्हा परत येणार. सामान लावताना तिने मला माळ्यावर पाहिलं आणि ती खुर्चीवरून उतरेचना. ऑफिसातल्या मुलांचा एक बँड होता, त्यात तिला बेस वाजवायची होती, आणि बेस नव्हती. सुनीतीबाईंनी सांगितलं, घेऊन टाक, तेवढाच माळा मोकळा. अट एकच होती. एक ते चार आवाज नको. आमचा मुलगा पहाटे उठतो, त्याची झोप एवढीच.

नम्रता म्हणाली, हो काकू. अकोल्याकडच्या घरातली मुलगी, मोठ्यांचा शब्द म्हणजे शब्द.

आता मित्रांनो, घोटाळा कुठे झाला ते नीट ऐका. तिला सरावाला वेळ मिळायचा तो रविवारची दुपार. म्हणजे नेमके एक ते चार. तेव्हा ती मला ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडायचीच नाही. बेस गिटार ॲम्पशिवाय वाजली तर डासाएवढा आवाज होतो. मग स्वतःचं स्वतःला ऐकू यावं म्हणून ती उजव्या हाताने तारा ओढून ओढून वाजवायची. उजवा हात ताठ झाला की डावाही ताठ होतो; ते जुळे भाऊ आहेत. आवाज करायचा नाही या सभ्यपणापायी ती पोर दर रविवारी दोन्ही हातांनी माझ्याशी कुस्ती खेळायची. आणि पट्टा आमोदच्याच मापाला होता, खाली. तिने तो बदलला नव्हता. दुसऱ्याची वस्तू, आपण कशाला हात लावा.

बँडने एक गाणं बसवायला घेतलं होतं, आणि ड्रम वाजवणारा तेजस ते दर आठवड्याला थोडं जास्त वेगात पळवायचा. कंपनीच्या वर्धापनदिनाला ते वाजवायचं होतं. हात दुखतो असं नम्रताने एकदाच सांगून पाहिलं. तेजस म्हणाला, कीबोर्डवर दुखत नाही का दिवसभर, मग इथेच कसा दुखतो? त्यावर बाकीचे हसले. तिने पुन्हा सांगितलं नाही.

मला सांगायचं होतं, पण मला तोंड नाही. तिचा गरम, घामेजलेला हात मानेवर असताना तिथे दुसराही हात आहे, हे मी कोणाला सांगणार? तो थंड होता. तिचा अंगठा जिथे, त्याच्याच खाली त्याचा. ती थोडी सैल झाली की तो आवळायचा, आणि मग तीही आवळायची.

हळूहळू तिची बोटं थांबेनात. मला ठेवून दिल्यावरही ती जेवणाच्या ताटाच्या कडेवर चालायची. फोनवर ती आईला सांगत होती, की बसमध्ये पुढच्या सीटचा दांडा पकडून बसते आणि उतरायची वेळ आली की हात सुटत नाही, दुसऱ्या हाताने बोटं सोडवावी लागतात. आई म्हणाली, बाम लाव. मी कोपऱ्यात उभी होते. आधी कोणाची बोटं अशीच सोडवावी लागली होती ते मला ठाऊक होतं. या पोरीची रोजीरोटी त्याच बोटांवर होती.

मग तो रविवार आला. अडीच वाजले असतील. सहकारनगरात त्या वेळी कुत्रीसुद्धा सावलीत गप्प पडलेली असतात. नम्रता गाण्याचा सगळ्यात वेगवान तुकडा घोटत होती, अर्थात ॲम्प बंद ठेवून. दार वाजलं. दारात सुनीतीबाई. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच जरा विचित्र होतं.

“वाजवत होतीस?”

“काकू, प्लगच लावला नाही नं मी. आवाज येतोय का खाली?”

“आवाज येत नाही,” सुनीतीबाई म्हणाल्या. “म्हणून तर वर आले. ती घेऊन खाली चल.”

नम्रताने मला उचललं. जिना नेहमीचाच, पण खालच्या घरात मी किती वर्षांनी शिरले. खालच्या खोलीत पडदे ओढलेले, पंखा चालू, आणि पलंगावर आमोद गाढ झोपलेला. त्याचा डावा हात मात्र झोपला नव्हता. तो छातीवर, हवेत, काहीतरी घट्ट धरून होता. सुनीतीबाईंनी नम्रताला खुणेने सांगितलं, वाजव.

नम्रताने तो तुकडा अगदी हळू वाजवला. हवेतली बोटं तोच तुकडा वाजवत गेली, त्याच जागी चढली, त्याच जागी उतरली. नम्रता चुकली तिथे ती बोटंही चुकली. नम्रताने घाबरून दोन्ही हात माझ्यावरून काढून घेतले. पलंगावरची बोटं थांबली नाहीत. आणि मग तिने खाली पाहिलं तर तिचीही थांबली नव्हती. दोन हात, दोन रिकाम्या मुठी, एकाच लयीत. खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. माझ्या तारा मात्र थरथरत होत्या.

सुनीतीबाईंनी त्या घरात आजवर जे कोणी केलं नव्हतं ते केलं. त्यांनी आमोदला चारच्या आत उठवलं.

तो उठून बसला. त्याने आधी मला पाहिलं, मग नम्रताचा हात. चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत त्याने दोन बोटांनी दाबत नेलं. ती कळवळली.

“बाहेरून मऊ, आतून फरशी,” तो म्हणाला. “कधीपासून?”

तिने सांगितलं.

“मार्केट यार्डात मामांकडे अजून एक जागा आहे. बोली पुकारायची. वाजवत राहा असंच, मी शब्द टाकतो.”

नम्रता रडायच्या बेताला आली. सुनीतीबाई म्हणाल्या, की टोमणे मारायचे असतील तर चहानंतर मार, आधी त्या पोरीला काय करायचं ते सांग. आमोदने तिचा हात अलगद खाली ठेवला. मग म्हणाला, “मला कोणी सांगितलं नव्हतं. तिला सांगतो.”

त्याने पहिल्यांदा माझा पट्टा वर घेतला. तिला आधी बसवलं, मी तिच्या मांडीवर जिथे आले तिथेच उभं राहिल्यावरही यायला हवी, म्हणजे मनगट सरळ राहतं, असं त्याने सांगितलं. मग वरून ॲम्प आणायला लावला. सुनीतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. तो म्हणाला, लावू दे, आई, आवाज मशीनला करू दे, हाताला नको.

आणि मग त्याने ते केलं ज्याची मी वाट पाहत होते. तिला एक सूर दाबायला सांगितलं, आणि दाब कमी करत जा म्हणाला. अजून कमी. आणखी कमी. तार घरघरायला लागली.

“आता केसभर वाढव. एवढाच जोर लागतो. बाकीचा सगळा तू स्वतःवर काढत होतीस. अंगठा मागे नुसता टेकव. टेकव म्हटलं, खुपसू नकोस.”

“पण असं हलकं धरलं तर सुटेल नं?”

“सुटू दे,” आमोद म्हणाला.

तिने सोडलं. मित्रांनो, ते मी कधी विसरणार नाही. तिचा अंगठा हलका झाला, तसा त्याच्या खालचा थंड अंगठा जागेवरच राहिला, एकटा, दाबत. आता त्याला लपायला जागा नव्हती. आमोदचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. ती मूठ मिटलेली होती. त्यालाही ते आत्ताच कळत होतं. त्याने श्वास सोडला आणि ती मूठ फार सावकाश, गंजलेली कडी उघडावी तशी उघडली. माझ्या मानेवरचा दाब गेला.

सुनीतीबाईंनी त्याच्या हातात चहाचा कप दिला. डाव्या. त्यांचा स्वतःचा हात कपाखाली तयार होता. लागला नाही.

पुढे त्याने नम्रताला बरेच दिवस वाजवू दिलं नाही. दुखणं पूर्ण जाईपर्यंत मी कोपऱ्यात, आणि ती डॉक्टरकडे. मग अगदी संथ, गोगलगायीला कंटाळा येईल इतक्या संथ गतीने तिने ते गाणं पुन्हा बसवलं. हात जड वाटला की थांबायचं, बोटं हलवायची, पाणी प्यायचं. तेजसने पुन्हा गाणं पळवलं तेव्हा तिने त्याला सांगितलं, की तुला घाई असेल तर तू पुढे जा, मी गाण्याबरोबर येते. यावेळी बाकीचे त्याला हसले. वर्धापनदिनी ती ते गाणं त्याच्या मूळ वेगात वाजवून आली, आणि बसमधून उतरताना दांडा सहज सुटला.

रविवारी दुपारी आता ॲम्प चालू असतो, बारीक आवाजात. अट मागे घेतली असं सुनीतीबाई म्हणत नाहीत. त्या म्हणतात, की अलीकडे ऐकू कमी येतं. खाली आमोद झोपलेला असतो. त्याचा हात पलंगावर उघडा पडलेला असतो असं त्या सांगतात, बोटं तेवढी हलतात, झोपेत, जराशी.

आणि नम्रता दमून मला बाजूला ठेवते, तेव्हा माझी मान अजूनही कोणीतरी धरतं. थंड आहे, पण हलकं. दाबत नाही. नुसतं टेकलेलं असतं.

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागते. तुमच्या हाती कधी एखादं जुनं वाद्य आलं, तर वेगाच्या नादात त्याला आवळू नका. हात दुखला तर ते शौर्य नाही, थांबा. आवाज कमी पडला तर यंत्राचा वाढवा, मनगटाचा नको. आणि मानेवर हात ठेवाल तो हलकाच ठेवा. ती जागा रिकामी असेलच, असं नाही.