हिवाळेसाहेबांची देशचिंता

देशाची काळजी वाहणारी माणसं पुष्कळ असतात, पण ती निदान जेवताना तरी थांबतात. चंद्रकांत हिवाळे जेवतानाही थांबत नसत. पुढ्यात भाकरी, पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल, आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतला कुणी सुटाबुटातला ख्रिस्ती पाळक. त्याच्या तोंडी हिंदी आवाज भरलेला. सीमा उघड्या पडल्यात, सरकार पैसा उधळतंय, बायका घर सोडून निघाल्यात, असं तो मूठ आपटून आपटून सांगायचा.

"ऐक आशा, ऐक. हे सगळं आपल्याला लागू आहे," हिवाळेसाहेब म्हणायचे.

आशालता त्यांच्या ताटात पिठलं वाढायची आणि मनात म्हणायची, अमेरिकेची तिजोरी गळते ते ह्यांना जव्हारात बसून दिसतं, आपल्या गच्चीवरची टाकी दोन पावसाळे गळतेय ती दिसत नाही. कुसळ आणि मुसळाची गोष्ट पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलातही आहे आणि म्हणीतही आहे. हिवाळेसाहेबांना ती दोन्हीकडची पाठ होती, तरी उपयोग शून्य.

साहेब मूळचे नगरकडचे. मोखाड्याला सरकारी कचेरीत चिकटले, तिथेच मोठे बाबू झाले आणि निवृत्त होऊन जव्हारला घर बांधून राहिले. आता ते मंडळीचे वडील होते, म्हणजे चर्चच्या कारभारातले मानकरी. दर रविवारी नवराबायको आणि त्यांची एकुलती एक अवंती जीपनं मोखाड्याला जायची. तिथे रस्त्याला लागून पत्र्याचं प्रार्थनालय होतं. उपदेश पाळक मंगेश करायचा, पण त्याच्याआधीची देशासाठीची प्रार्थना साहेबांची. ती त्यांनी कुणाला दिली नसती, मंगेशला तर नाहीच.

प्रार्थनालयाचा कर्णा साहेबांनी मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसवून घेतला होता. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. समोरच्या चहावाल्यानं, सोम्यानं, एकदा गल्ल्यावर बसल्या बसल्या विचारलं होतं, "साहेब, तुमचा देव तिकडचा, मग देश कुठला म्हणायचा?" सोम्या हसत होता, पण साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. आशालतेला तेव्हा त्यांची खरंच दया आली होती. अख्खी हयात इथे काढलेल्या माणसाला असं विचारलं की आत कुठे लागतं, ते तिला कळत होतं. पण त्या भीतीतून आरडाओरडा आला, आणि पुढे पुढे आरडाओरड्याची चटकच लागली. मग तिची दया आटत गेली.

प्रार्थनेचे तीन भाग ठरलेले. आधी सीमा. मग सरकारी खर्च. मग कुटुंब.

सीमेचं ठीक होतं, सगळे आमेन म्हणायचे. खर्चाच्या वेळी गंमत व्हायची. फुकटच्या योजनांनी देश आळशी झाला, प्रभू, हा उधळपट्टीचा आत्मा काढून टाक, असं साहेब डोळे मिटून गरजायचे, आणि समोर सतरंजीवर पोशेऱ्याची नवशी आणि तिच्याबरोबरच्या बायका बसलेल्या असायच्या, आदल्या दिवशी रेशनचा तांदूळ खाऊन. दर महिन्याला साहेबांच्या खात्यात येणारी पेन्शन मात्र उधळपट्टीत धरायची नाही. ते म्हणे घामाचं. साहेबांना घाम आलेला आशालतेनं फक्त मे महिन्यात पाहिला होता, पंखा बंद पडल्यावर.

आणि तिसरा भाग म्हणजे घराघरातल्या बायकांना घरी परत आण, प्रभू.

"आमची बाय घरा बसली तं खायाचा काय?" नवशीनं एकदा रविवारच्या भक्तीनंतर आशालतेला विचारलं होतं. "वीटभट्टीवर दोघा जातांव तवा चूल पेटतं. तुजा दादला देवाला सांगं का यांना दगडा दे खायाला?"

आशालता हसली होती, पण पुरतं नाही. कारण ती स्वतः घरी परत आणलेली बाई होती. लग्नाआधी ती नर्स होती, लग्नानंतरही काही वर्षं होती. बाळंतपणाला अडलेली बाई डोलीतून आली की डॉक्टर येईपर्यंत सगळं तिच्या हातावर असायचं. मग उशिरा अवंती झाली आणि साहेब म्हणाले, "घर आधी." तिनं राजीनामा दिला. साहेब स्वतः मात्र घर आधी म्हणत दहाच्या ठोक्याला कचेरीत जात राहिले.

आता अवंती बावीस वर्षांची होती. वर्षभर ती रोज पहाटे शिरपामाळाच्या चढावर धावायला जायची. साहेबांना त्याचा केवढा अभिमान! पोरगी लग्नासाठी बारीक होतेय, असा त्यांनी आपल्या मनाशी अर्थ लावला होता. नाशिकच्या एका बड्या ख्रिस्ती घरातलं स्थळ त्यांनी पाहून ठेवलं होतं, ऋत्विक नावाचा मुलगा, कॅनडात नोकरी, तिथेच कायम राहायच्या बेतात. देश सुरक्षित राहावा, पण जावई कॅनडात असावा, ही साहेबांची देशभक्ती. ऋत्विकच्या काकांना त्यांनी फोनवर सांगितलंसुद्धा, "मुलगी रोज व्यायाम करते हो, अगदी शिस्तीची."

आशालतेला खरं काय ते ठाऊक होतं. बूट तिनंच आणून दिले होते.

गुरुवारी संध्याकाळी अवंतीनं सांगितलं. सीमा सुरक्षा दलात निवड झालीय, सोमवारी पहाटे प्रशिक्षणाला निघायचंय. साहेबांनी मोबाईल बंद केला. हे घरात क्वचित घडायचं.

"सीमेवर? तू?"

"हो पप्पा."

"ती बायकांची जागा नाही. बंदूक घेऊन परक्या पुरुषांत उभं राहायचं? आणि सोमवारी ऋत्विकचे काका येतायत, त्यांना काय सांगू?"

"पप्पा, सीमेवर पहारेकरी पाठव म्हणून तुम्हीच दर रविवारी मागता."

"ती प्रार्थना आहे, अवंती. नोकरीची जाहिरात नाही."

एवढं बोलून ते उठले आणि त्यांनी लोखंडी कपाटाला कुलूप घातलं. घरातली सगळी मूळ कागदपत्रं त्या कपाटात असायची. अवंतीचे दाखले, गुणपत्रकं, सगळं. त्याशिवाय तिला तिथे कुणी दारातही उभं केलं नसतं. चावी साहेबांनी पवित्र शास्त्राच्या चेन लावलेल्या कव्हरात टाकली, आणि शास्त्र उशाशी ठेवलं. देवाच्या कुशीत पोरीचं नशीब कोंडून ठेवायचं आणि वर शांत झोपायचं, हे एखाद्यालाच जमतं.

शुक्रवारी दुपारी ते घोरत असताना आशालता त्या कव्हरापाशी गेली. चेन ओढायचाच काय तो अवकाश. मागून अवंतीनं तिचा हात धरला.

"नको मम्मी. चोरलेले कागद घेऊन मी पहाऱ्याला कशी उभी राहू? द्यायचे तर त्यांनी द्यावेत."

"आणि नाही दिले तर?"

"तर नाही जाणार." तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

आशालतेला राग आला, पोरीचा नव्हे. खोटं बोलू नये, चोरी करू नये, आईबापांचा मान राखावा, हे ह्या माणसानं पोरीला लहानपणापासून शिकवलं, आणि ती वेडी खरंच शिकली. आता तिच्या त्याच खरेपणावर हा कुलूप लावून निवांत घोरतोय. त्या क्षणी आशालतेला नवऱ्याचा जेवढा तिटकारा आला तेवढा सगळ्या संसारात आला नव्हता. दोन दिवस ती नेहमीसारखी त्यांचं ताट वाढत राहिली. साहेबांना वाटलं, बायको समजुतीनं वागतेय.

रविवारी साहेबांना विशेष चढ आला होता. घरातलं बंड मोडून आलेला माणूस तो. कर्णा कडाडला, "प्रभू, आमच्या देशाच्या तटावर पहारेकरी उभे कर! दुसऱ्यांच्या नव्हे, आमच्याच घराघरांतून उभे कर! आम्ही आमचं काहीही राखून ठेवणार नाही!" रस्त्यापलीकडे सोम्या चहा गाळता गाळता ऐकत होता. भाडं मिळण्याची वाट पाहणारे जीपवालेही ऐकत होते.

प्रार्थनेनंतर साक्षीची वेळ असते. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते ज्यानं त्यानं उठून सांगायचं, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. साक्षीला मध्येच अडवायचं नाही, हा तिथला रिवाज. नवशीनं नातवाचा ताप उतरल्याची साक्ष दिली. मग आशालता उठली. ती कित्येक वर्षांत साक्षीला उभी राहिली नव्हती. साहेबांनी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यांना वाटलं असावं, आपल्याबद्दलच काही चांगलं असेल.

तिनं माईक तोंडाजवळ धरला.

"प्रभूची स्तुती असो. आमच्या साहेबांची प्रार्थना तुम्ही सगळे दर रविवारी ऐकता. आताही ऐकलीत. काही जण म्हणतात, हिवाळ्यांचं सगळं बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पण प्रभूनं ती प्रार्थना ऐकली. साहेबांनी आपल्या घरातून पहारेकरी मागितला, आणि प्रभूनं तो आमच्या घरातूनच उचलला. आमची अवंती सीमा सुरक्षा दलात निवडली गेलीय. उद्या पहाटे निघायचंय."

आधी नवशीनं दोन्ही हात वर केले. "आमेन! माजे बाय, आमेन!" आणि सगळं प्रार्थनालय उठलं. बायकांनी अवंतीला मिठ्या मारल्या. पाळक मंगेश धावत पुढे आला. "वडील, केवढं मोठं मन तुमचं! आणि आम्हाला काही कळूसुद्धा दिलं नाहीत!"

आयुष्यात पहिल्यांदाच कर्णा चालू असताना साहेब गप्प होते. तेवढ्यात दारात सोम्या येऊन उभा राहिला, चप्पल बाहेर काढून, खांद्यावर फडकं तसंच. मागे तीन-चार जीपवाले.

"साहेब," तो म्हणाला, "मी एकदा तुम्हाला भलतंच बोललो होतो. माफ करा. आमच्या गावातून कोणी पोरगी धाडली नाय सीमेवर. तुम्ही धाडली." आणि त्यानं साहेबांचा हात हातात घेतला.

इतकी वर्षं ज्या माणसाला ऐकू जावं म्हणून कर्णा रस्त्याकडे वळवला होता, तो माणूस ऐकून आत आला होता. आता नाही म्हणायला साहेबांना जागा कुठे होती? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"पोरीचे कागद साहेबांनी जपून कपाटात ठेवलेत," आशालता माईकमधूनच पुढे म्हणाली. "चावी त्यांच्या शास्त्रात असते. तिला ती त्यांच्याच हातून हवीय, आशीर्वादासकट."

साहेबांनी कव्हराची चेन ओढली. ती मध्येच अडकली, त्यांनी पुन्हा ओढली. चावी निघाली. अवंती समोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं ओंजळ पुढे केली. त्यांनी चावी तिच्या ओंजळीत ठेवली, आणि मग हात तिच्या डोक्यावर. "सांभाळून राहा गं," ते हळूच म्हणाले, माईकपासून दूर. आशालतेला तेवढं ऐकू आलं. ह्या माणसाला पोर खरंच दूर पाठवायची नव्हती, एवढं एक तरी खरं होतं. तिला वाटलं, जरा फारच झालं का आपलं?

मग मंगेशनं त्यांच्यापुढे माईक धरला, आणि हिवाळेसाहेबांनी छाती भरून घेतली. "प्रभू, ह्या दिवसासाठीच मी माझी कन्या लहानपणापासून घडवली! तिला रोज पहाटे मी डोंगरावर धाडलं!"

आशालतेनं आपला तो प्रश्न तिथल्या तिथे मागे घेतला.

परतीच्या जीपमध्ये साहेबांनी ही हकीकत ड्रायव्हरला दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी तर ते अवंतीच्या पुढे धावतही होते. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःच ऋत्विकच्या काकांना फोन लावला आणि राष्ट्र आधी, सोयरीक नंतर, असं ठणकावून सांगितलं.

आत आशालतेनं अवंतीकडून चावी घेऊन कपाट उघडलं. अवंतीची फाईल काढून तिच्या हातात दिली. पोरीनं ती छातीशी धरली आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग अवंती बॅग भरायला गेली, आणि आशालतेनं खालच्या कप्प्यात हात घातला. घराच्या करपावत्या आणि विम्याच्या कागदांच्या तळाशी तिचं नर्सिंगचं प्रमाणपत्र होतं. कडा पिवळ्या पडल्या होत्या. त्यावरच्या फोटोतली मुलगी थेट अवंतीसारखी पाहत होती.

फोन संपवून साहेब दारात आले. "ते कशाला काढलंस? त्याचा आता काय उपयोग?"

"काही नाही."

"मग?"

"कुलपात नको, एवढंच." तिनं ते स्वयंपाकघरात नेलं आणि फळीवर, येता-जाता दिसेल असं, भिंतीला टेकवून उभं केलं.

साहेबांनी हात पुढे केला. "बरं, ती चावी दे इकडे."

आशालतेनं चावी कनवटीला खोचली आणि वर पदर नीट केला.

"घरच्या बाईनं घर सांभाळावं, असं तुम्हीच म्हणता ना?" ती म्हणाली. "आता सांभाळते. तुम्ही जा, जेवायला वेळ आहे अजून. वर जाऊन टाकीचं तेवढं बघा."