चौथी जोडपट्टी

"कागदाची असली म्हणून काय झालं? मागचं चाक वर-खाली व्हायला पाहिजे," पी-युन म्हणाली.

श्यू मास्तरांनी हातातली बांबूची कामटी खाली ठेवली. मेलेल्यांसाठी जाळायच्या कागदी वस्तू करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दुकानात एका बाजूला तिमजली कागदी बंगला वाळत उभा होता. त्याच्या दारात कागदी मोटार होती आणि मोटारीशेजारी कागदी नोकर, ज्याच्या चेहऱ्यावर सुट्टी नाकारली गेलेल्या माणसाचा भाव होता. मधोमध पी-युनच्या नवऱ्याची, आ-श्येनची सायकल. हँडल, पॅडल, मोटर, बॅटरी, सगळं जागच्या जागी. बॅटरीवर पूर्ण चार्ज झाल्याचा हिरवा ठिपकासुद्धा रंगवलेला.

"बाई, ही जाळायचीय," श्यू मास्तर म्हणाले. "चालवायची नाही."

"इथे जाळायचीय. तिथे चालवायचीच आहे. मागून टणक असलेल्या सायकलवर तो कधी भाजी आणायला गेला नाही. तिथे पोचल्यावर मलाच शिव्या घालेल." तिने दाराकडे पाहिलं. "म्हणून तर यांना बोलावलंय. माव दादा, आत या की. दारात काय उभे राहिलात, मी काही उदबत्ती लावणार नाहीये तुमच्यापुढे."

त्साय खुन-माव आत आला. साठीकडे झुकलेला, उन्हाळ्यातही शर्टाचं वरचं बटण लावणारा माणूस. ताइचुंग शहराबाहेर, चुआंग मालकांच्या सायकल कारखान्यात तो मागच्या सस्पेन्शनची आखणी करायचा. डोंगरातल्या सायकलचं मागचं चाक दगडावर आदळलं की वर उचललं जातं, आणि सीटखालची तळहाताएवढी ॲल्युमिनियमची जोडपट्टी कलंडून तो दणका शॉकॲब्सॉर्बरकडे पोचवते. ही पट्टी कुठल्या बिंदूभोवती कलंडावी आणि किती, हे ठरवण्यात खुन-मावचं तारुण्य गेलं होतं. सायकलवर नाव युरोपातल्या कंपनीचं असे आणि माहितीपत्रकात त्या जोडणीला तीन इंग्रजी अक्षरांचं भारदस्त नाव असे. ती अक्षरं कशाची, हे त्याला कधी कळलं नाही. विचारणं बरं दिसलं नसतं.

त्याने आखायचं आणि आ-श्येनने ताकेंगच्या डोंगरावरून ते खाली आणायचं, अशी त्यांची विभागणी होती. आ-श्येन कारखान्याचा चाचणीस्वार. त्याच्या टोळीचा एक नियम होता: उतारावर जो पडेल, त्याने पायथ्याच्या गाडीवर सगळ्यांना बावान खायला घालायचे. बावान म्हणजे जाड, चिकट पारीत भरलेलं डुकराचं मांस. कात्रीने कापून, वर गोडसर रस घालून देतात. टोळीतल्या प्रत्येकाने ते चारले होते, एक आ-श्येन सोडून. तो आयुष्यभर फुकट खात आला होता आणि खाताना "आणखी रस घाला मावशी, जाड्या काव आज दोनदा पडलाय," असं ओरडत होता.

आता तो दरीत सापडला होता.

"माव दादा," पी-युनने विचारलं, "तो पडला का हो?"

खुन-माव कागदी सायकलच्या मागच्या भागाकडे बघत राहिला. "वाट ओली होती."

"मी वाटेचं नाही विचारलं. मालक म्हणतात वेग जास्त होता. जाड्या काव माझ्या दुकानात येऊन, अंड्याची पोळी पुढ्यात घेऊन रडला, म्हणाला, शेवटी आ-श्येनचीही पाळी आली. ठीक आहे. पडला असेल तर निरोपाच्या विधीनंतर सगळ्यांना बावान मी घालीन. नियम त्याचाच आहे. पण पडला नसेल तर एक घास देणार नाही. जन्मात जो पडला नाही, त्याला मेल्यावर मी पाडणार नाही."

"मी जोडपट्टी करून आणतो," खुन-माव म्हणाला, आणि बाहेर पडला.

*

चुआंग मालक चार या आकड्याला भीत. त्यांच्या भाषेत चार आणि मरण हे शब्द जिभेवर इतके जवळ बसतात की घाईत बोलणाऱ्याच्या तोंडून एकाऐवजी दुसरा निघावा. शहाणी माणसं म्हणून चौथा मजलाच बांधत नाहीत. तिसऱ्याच्या डोक्यावर थेट पाचवा. मालक तर त्याही पुढे गेले होते. जगभर ज्या सस्पेन्शनला चार दांड्यांचं म्हणतात, त्याला त्यांच्या कारखान्यात "तीन-आणि-एक" म्हणत. जोडपट्टीत बदल झाला की नवा क्रमांक पडे: एक, दोन, तीन, पाच.

हॉलंडच्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं मात्र शाळेत शिकवलं तसं मोजत. त्यांचं चार म्हणजे इथलं पाच, त्यांचं पाच म्हणजे इथलं सहा. ही भाषांतराची जबाबदारी खुन-मावकडे होती. तिनाच्या पुढचा आकडा दिसला की एक मिळवायचा. पत्र वाचण्याआधी चष्मा लावावा, इतक्या सहज तो एक मिळवत असे.

मग त्या कंपनीचा यूस्ट नावाचा नवा इंजिनिअर पाहुणा म्हणून आला. जेवताना मालकांनी त्याला चाराची गोष्ट सांगितली आणि तो हरखून गेला. माणूस सभ्य होता. परत गेल्यावर यजमानांचा मान राखायचा म्हणून त्याने स्वतःच्या क्रमांकांतूनही चार काढून टाकला. तसं कळवलं मात्र नाही. न बोलता दाखवलेला मान जास्त शोभतो, हेही तो त्याच जेवणात शिकला होता.

मोटरच्या सायकलसाठी केलेल्या दोन जोडपट्ट्या हॉलंडच्या यंत्रावर दणके खायला गेल्या. पाच नंबर जाडजूड, दिसायला म्हशीसारखी. सहा नंबर खुन-मावची लाडकी. मोटर आणि बॅटरीने सायकल आधीच जड, म्हणून त्याने तिच्या पोटातला धातू कोरून काढला होता. हातात घेतली की माणसाला वाटावं, आपण काहीच घेतलेलं नाही. यूस्टचं पत्र आलं: पाच उत्तम टिकली, आता डोंगरावर न्या. सहा नंबर यंत्रावर लगेच चिरली होती, पण दुसऱ्याच्या मेहनतीचा पाणउतारा कशाला, म्हणून ते त्याने लिहिलं नाही. तोही शिष्टाचार इथलाच.

खुन-मावने एक मिळवला. सहा. त्याला मनापासून आनंद झाला. आनंद झाला नसता तर त्याने कदाचित पत्र पुन्हा वाचलं असतं.

जोडपट्टी त्याने स्वतःच्या हाताने बसवली. आ-श्येनने नेहमीसारखा सीटवर तळहात ठेवून सायकल दाबली. ती खाली गेली आणि वर आली. "दादा, टोफू आहे टोफू, इतकी मऊ," तो म्हणाला आणि गेला.

सायकल दरीतून दोरीने काढून कारखान्यात आणली, तेव्हा जोडपट्टी कोरलेल्या जागी दुभंगलेली होती. सहा नंबर तुमच्या यंत्रावर टिकली कशी, असं खुन-मावने यूस्टला विचारलं. उत्तर लगेच आलं: "सहा? आम्ही तर पाच म्हणालो होतो. आता आम्हीही चार वगळतो!" त्यापुढे एक हसरा चेहरा होता. अपघाताचं त्याला अजून कुणी कळवलं नव्हतं.

*

"दार लाव," चुआंग मालक म्हणाले. त्यांनी चहा ओतला. वाईट बातमी ते नेहमी चांगल्या चहाबरोबर द्यायचे. "आ-माव, पोलिसांनी पाहिलं. वाट ओली, उतार तीव्र, विषय संपला. तू कशाला उकरतोस?"

"पी-युनने विचारलं, मालक. तो पडला का म्हणून."

"मग सांग, पडला. दरीत सापडला ना? आकाशात तर नाही सापडला."

"जोडपट्टी तुटली. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही, त्या गोऱ्याच्या सभ्यपणामुळे." मालकांनी कप त्याच्याकडे सरकवला. "आणि समजा तुझ्यामुळे. तू बोललास की तो उठून येणार आहे का? नाही ना? मग हा अख्खा कारखाना त्याच्यामागे कशाला पाठवतोस? तिच्या घरच्यांकडे मी बघतोय. तिला काय कमी पडतंय?"

"बावान घालायचे की नाही, एवढंच तिला कळत नाहीये."

मालकांनी चहाची किटली खाली ठेवली. "काय घालायचे?"

खुन-मावने सांगितलं. मालकांना हसावं की रागवावं ते कळेना. "अरे, मग घालू दे की! हवं तर मी मागवतो. सगळ्यांना. दुप्पट रस घालून."

खुन-मावने चहा तसाच ठेवला. चहा खरंच उत्तम होता.

*

जोडपट्टी त्याने जेवायच्या टेबलावर केली. पुठ्ठ्याचे थर चिकटवले, आत बांबूची कामटी घातली, बिंदू मोजून भोकं पाडली. आखलेलं हाताने करायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. बोटांना गोंद लागला, एक भोक चुकलं आणि पुन्हा करावं लागलं. त्याने पाच नंबरच केली, म्हशीसारखी, कुठेही न कोरता. शॉकॲब्सॉर्बरच्या जागी, दुकानात, श्यू मास्तरांनी कागदी कंदिलातली तारेची गुंडाळी दिली. "चाळीस वर्षं घरं बांधतोय," ते पुटपुटले, "एकाही मेलेल्याने छप्पर गळतं म्हणून तक्रार केली नाही. तुम्ही लोक फार चिकित्सक."

जोडपट्टी बसवायच्या आधी खुन-मावने पेन काढलं. प्रत्येक पट्टीवर क्रमांक घालायची सवय होती. पाच लिहायला हात उचलला आणि थांबला. तिसरीनंतर केलेली ही पट्टी. त्याने बोटांवर मोजून पाहिलं, लहान मुलासारखं. मग सुबक अक्षरात तिच्यावर लिहिलं: चार.

*

निरोपाच्या विधीनंतर सगळे विटांच्या भट्टीपाशी जमले. भिक्षूंचं पठण झालं होतं. आ-श्येनची टोळी सायकलीच्या जर्सीत आली होती. पोटावर ताणलेल्या झगमगीत रंगांमुळे ती सर्कस सोडून चुकून इकडे आल्यासारखी दिसत होती. चुआंग मालक काळ्या सुटात, पुढच्या रांगेत.

बंगला, नोकर, मोटार भट्टीत रचून झाल्यावर सायकल आणली गेली. पी-युन पुढे झाली, सीटवर तळहात ठेवून तिने हलकेच दाबलं. मागचं चाक वर उचललं गेलं, पट्टी कलंडली. हात काढताच सगळं जागेवर आलं. तिने मान हलवली, बाजारात कलिंगड ठोकून पाहिल्यावर हलवावी तशी.

जाड्या काव वाकून बघत होता. त्याचे डोळे सुजलेले होते, पण सायकल दिसली की तिच्या मागे वाकून बघायची सवय जाईना. "माव दादा," तो म्हणाला, "हे काय? चार?"

आजूबाजूची कुजबुज थांबली. अशा वेळी हा आकडा मोठ्याने उच्चारायचा नसतो, हे काव बोलून गेल्यावर त्याच्याही लक्षात आलं.

"चौथी आहे," खुन-माव म्हणाला. "ही बसवायला हवी होती. मी दुसरी बसवली. ती तुटली."

"तुटली म्हणजे?"

"आधी तुटली. मग सायकल गेली." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, माप सांगतानाचा. "आ-श्येन पडला नाही."

मालकांनी पट्टीवरच्या आकड्याकडे पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरले. बातमीमुळे की आकड्यामुळे, हे सांगणं कठीण होतं. मग ते वळून मोटारीकडे चालू लागले. उद्यापासून खुन-मावने यायचं नाही, हे त्यांच्या पाठीवरूनच सगळ्यांना कळलं.

जाड्या काव सरळ उभा राहिला. त्याची मूठ वळली होती. ती तो कुठे मारणार, याची खुन-माव वाट बघत राहिला. पण काव फक्त पी-युनकडे बघत होता.

पी-युन रडली नाही. ती खुन-मावबरोबर एक शब्द बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही. ती टोळीकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? बावान माझ्याकडे मागायचे नाहीत." आणि तिने काडी ओढली.

कागद पटकन पेटतो. बंगला आधी गेला, मग नोकर, मग मोटार. सायकलचा बांबू जरा चिवट होता. जोडपट्टी पुठ्ठ्याच्या थरांमुळे सगळ्यांत शेवटी पेटली. वर लिहिलेला आकडा तपकिरी झाला, मग काळा, मग दिसेनासा झाला.

दुपारी टोळी ताकेंगच्या पायथ्याशी जमली. विधीच्या दिवशी घरी जाऊन काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून होते. कुणी काही मागवलं नाही. खुन-माव सगळ्यांत शेवटी, बसने आला. कुणी त्याला स्टूल सरकवलं नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. तो सरळ गाडीपाशी गेला.

"या सगळ्यांना एकेक द्या," तो म्हणाला.

गाडीवाल्या म्हातारीने कात्री उचलली, स्टुलांवरची डोकी मोजली. मग त्याचा काळा शर्ट पाहिला, वरपर्यंत लावलेलं बटण पाहिलं. हा माणूस सायकलवर कधी बसला असेल, असं तिला वाटलं नाही. पण इथे उगाच कुणी कुणाला खायला घालत नाही, हे तिला माहीत होतं.

"आज कोण पडलं?" तिने विचारलं.

"मी," खुन-माव म्हणाला.