पोळ्याचे पट्टे

चामड्यावर लेझर चालली की जो वास सुटतो त्याला मी नुसता जळका वास म्हणत असे, पण अकोल्याच्या जुन्या शहरातली आमची अख्खी गल्ली त्याला माझ्याच नावाने ओळखायची. प्रतीक्षाबाईंनी मशीन लावली, असं म्हणत शेजारणी खिडक्या लावून घेत. बाभळीच्या सालीत कमावलेलं म्हशीचं जाड चामडं, त्यावर मी काढलेली वेल, आणि ती केसाइतक्या बारीक रेषेने कापत जाणारा किरण. काम असं देखणं उतरायचं की माझं मलाच कौतुक वाटायचं. वास मात्र जात नसे. ओल्या फडक्याने काजळी पुसली, व्हिनेगर लावलं, खाण्याच्या सोड्यात दाबून ठेवलं, गच्चीवर उन्हं दाखवली. चार दिवसांनी डबा उघडावा तर बिनबोलावल्या पाहुण्यासारखा तो आपला हजर.

पाकिटं घेणारी माणसं ते चालवून घेत. बैल चालवून घेईनात. पोळ्यासाठी मी घुंगरांचे गळपट्टे करायला घेतले होते आणि बार्शीटाकळीच्या पुंजाजींनी आपल्या जोडीसाठी पहिले दोन सांगितले होते. ती जोडी तोरणाखाली उभी राहिली की तिच्या अंगावरचा साज सगळी पंचक्रोशी बघते आणि मग तोच मागते. पण पट्टा गळ्याजवळ नेताच बैल डोळे पांढरे करून खुंट्याभोवती गरगर फिरू लागला.

"भाजल्याचा वास हाये हा," पुंजाजी म्हणाले. "जनावर इसरत नाही, बाई."

घरी आल्यावर किशोर, माझा नवरा, समजूतदारपणे म्हणाला की पोळ्यापर्यंत बघू, नाही जमलं तर मशीन विकून टाकू. समजूतदार माणसांचा मला फार राग येतो. माहेरी आणि सासरी मिळून माझी म्हणावी अशी ती एकच वस्तू होती.

त्याच संध्याकाळी मशीनच्या तापलेल्या जाळीवर माझा तळहात भाजला. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, फळीवरची बाटली आणून दिली. चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घुसळून केलेलं ते पांढरट औषध. शेती होती तेव्हा बैलाला डाग दिल्यावर ते हेच लावत. मी ते हाताला फासलं आणि रागारागात त्याच हाताने पट्टा उचलून कोपऱ्यात भिरकावला. सकाळी पाहते तर जिथे माझा हात लागला होता तेवढ्या जागेला वासच नव्हता.

मग काय, दोन्ही पट्टे मी त्या औषधाने माखले. वास कमी झाला नाही, गेला. शेजारच्या जमुनाताईंना मुद्दाम बोलावून हुंगायला लावलं. गोठ्यातल्यावानी वास येऊन राहिला, एवढंच त्या म्हणाल्या, आणि मला ती शाबासकीच वाटली. गल्लीतल्या खिडक्या उघड्या राहू लागल्या.

कापाच्या काळ्या कडा हळूहळू तपकिरी झाल्या आणि मग चक्क गुलाबी. बक्कलची भोकं मी मापाने पाडली होती, तीही आवळून आली, सुई जाईना. तेलाने चामडं फुगतं, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि टोच्याने ती पुन्हा मोकळी केली. टोच्याला काहीतरी ओलसर लागलं, ते पुसून टाकलं. वेलीतली बारीक पानं तर पार मिटून गेली होती. पुंजाजींच्या ते लक्षात येणार नाही, म्हणून मी गप्प बसले.

पोळ्याच्या दिवशी पुंजाजींच्या बैलाने स्वतःहून मान खाली घातली. दुसरा आपल्या सोबत्याच्या गळ्यातला पट्टा चाटू लागला, कडेकडेने, गाय वासराला चाटते तसा, आणि लोक हसून दाद देऊ लागले. झडत्यांची गाणी म्हणून झाली, पोळा फुटला, सगळ्या घुंगरांचा मिळून एकच कल्लोळ उठला आणि माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचाच. चांदूर रेल्वेहून आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा पट्टे सांगितले. मशीन आता कोणी विकत नाही, असं किशोरने सगळ्यांदेखत कबूल केलं. इतकं मोठं मी आयुष्यात कधी जिंकले नव्हते.

मागणी एवढी आली की एकेक पट्टा माखत बसायला सवड उरली नाही. कापायच्या आधीच औषध लावलं तर वास सुटणारच नाही, अशी युक्ती मला सुचली. मामाजींनी मनापासून अख्खं कातडं माखलं, चोळलं, सावलीत ठेवलं, आणि आज सकाळी आम्ही ते मशीनवर पसरलं. कुठून कापणार ते दाखवायला मशीन आधी एक लाल ठिपका टाकते. तो कातड्यावर पडला आणि बरोबर तेवढीच जागा थरथरली, बैल अंगावरची माशी उडवतो तशी. मी ठिपका पुढे सरकवला. थरथर त्याच्या मागोमाग सरकली.

मी मामाजींकडे पाहिलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. ते पुढे झाले, मशीनबाहेर आलेल्या टोकावर त्यांनी दोन्ही हात घट्ट दाबून ठेवले आणि जिभेने हलकेच चुचकारू लागले. बाहेर ओट्यावर पट्टे न्यायला आलेली माणसं बसली होती, हसत, माझं नाव घेत.

"दाब, पोरी," मामाजी म्हणाले. "म्या धरलं हाये."

आणि मी बटण दाबलं.